पाय सैल सोड

प्रिय आई,

तुला आणि बाबांना लांबूनच नमस्कार. मी मजेत आहे. जेवण वेळेवर मिळतं, खोलीतली मुलगी घोरत नाही. दादाची सर्दी गेली का?

फोनवर म्हटलं तसं, उडी मारून खाली येताना गुडघा जरा पिरगळला. टीमच्या डॉक्टरांनी लगेच तपासलं. आधी चांगला पाय, मग दुखरा. मांडी धरून नडगी पुढे ओढतात. आतलं लिगामेंट तुटलं असेल, तर नडगी सरकते. माझी सरकली नाही. कोचबाई म्हणाल्या, "सुटलीस गं बाई!"

बाबांना इथपर्यंतच वाचून दाखव.

आई, पडताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला होता. तासाभरात गुडघा टम्म सुजला. आणि डॉक्टर "पाय सैल सोड" म्हणत होते, तेव्हा मी मांडी दगडासारखी आवळून धरली होती. मुद्दाम नाही गं, भीतीने. मांडी आवळली की लिगामेंट तुटलेल्या गुडघ्याचीही नडगी सरकत नाही, हे खोलीतल्या मुलीने नंतर सांगितलं. तिचंही असंच झालं होतं. आता जिना उतरताना गुडघा एकदम निसटतो. मी कठडा धरते आणि इकडेतिकडे बघून हसते.

सूज उतरली की डॉक्टर पुन्हा तपासणार आहेत. पण नुसत्या विचारानेच मांडी आवळली जाते. माझं ऐकतच नाही.

लहानपणी माझ्या पायातला काटा काढताना तू काहीतरी बोलत राहायचीस आणि पाय आपोआप सैल पडायचा. काय बोलायचीस गं? तेवढं लगेच लिहून पाठव.

तुझी,
धाकटी