बैठकीच्या खोलीतली ओल

९ मार्च २०१६
आज कारखान्याच्या विश्रामगृहात राहायला आलो. नांदूरघाटला टँकरची वाट बघून डोळे शिणायचे, इथे तो दिवसाआड थेट अंगणातल्या ड्रमपर्यंत येतो. माझ्या बायकोने, चतुरेने, आल्या आल्या तोंड धुतलं आणि कितीतरी दिवसांनी हसली. सेक्रेटरी सुंदरराव म्हणाले, ऊस नाही, कारखाना बंद आहे, तरी पाडव्याआधी संचालकांची बैठक इथेच आहे. बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवरचा डाग घालवा आणि पावसाळ्यापर्यंत खुशाल राहा. डाग टरबुजाएवढा. एवढ्यावर पाणी मिळतंय, अजून काय पाहिजे.

११ मार्च
पोपडे खरवडले. आत ओल. या भिंतीत नळ नाही, वर टाकी नाही, मागे नुसता तापलेला माळ. भिंत वाळू दिली, चुन्याचा हात दिला, पुट्टी भरली, वरून डिस्टेंपर. हात भरून आले. चतुरा दारात बसून म्हणाली, स्वतःच्या घराला कधी पोतेरं दिलं न्हाई, अन् चेअरमनच्या भिंतीला पावडर लावायलेत.

१४ मार्च
डाग परत आला. आता परातीएवढा. टँकरवाला गहिनीनाथ म्हणाला, काका, गावं कोरडी ठेवून भिंतीला टँकर लावलाय काय. मी हसलो, पण जीव थाऱ्यावर नाही. डाग राहिला तर आम्हाला बाहेर काढतील. पुन्हा खरवडायला घेतलं.

१६ मार्च
वॉचमन शिवशरणची शेळी आत शिरून ओल चाटत होती. हाकलली. दुपारी अंगणात मेली. शिवशरणने एका हाताने उचलली आणि तसाच उभा राहिला. म्हणाला, आत काही न्हाईच की, रिकामं पोतं लागायलंय.

१९ मार्च
चतुरा दुपारभर भिंतीला गाल लावून बसते. गार वाटतं म्हणते. आज तिच्या ओठांना चुना होता. विचारलं तर म्हणाली, गोड लागतं, तुमी लई काळजी करता. ड्रममधलं पाणी तिला नको असतं.

२१ मार्च
तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली. गावी परत जाऊ म्हणालो. तिथं काय हाय, म्हणाली. खरं आहे. बैठकीच्या खोलीला कुलूप लावलं.

२२ मार्च
चतुरा बाहेरून ते दार नखांनी ओरबाडते. सगळा ड्रम एकटीने पिऊन संपवला. तरी ओठ फाटलेले. तरी पाणी, पाणी—

२४ मार्च
सुंदररावांचा फोन. बैठक बीडला ठेवली. आता इथला टँकर बंद. डागाचं राहू द्या म्हणाले. मी चतुरेचं सांगत होतो, तोवर फोन—

२५ मार्च
शिवशरण गेवराईला गाडी आणायला गेला. अजून आला नाही. तिला उचलून खाटेवर ठेवली. हाताला वजनच—
डोळे उघडे. पाणी मागते. घरात थेंब नाही.
कुलूप काढलं. भिंत वाहते आहे. खालपर्यंत, नुसती वाहते—
तांब्या लावला. भरला. तिला द्यायच्या आधी मी चाखून बघतो. काही असलं तर मला होऊ दे.
गोड आहे.
ती हाक मारते आहे. आलो म्हणालो. एवढा घोट घेतो आणि—
तांब्या रिकामा. परत लावतो. तिच्यासाठी. आधी थोडं—