मिरवणुकीपुढची फटफटी

६ मार्च १९८३

संक्रांतीला वही आणली, म्हटलं रोज लिहायचं. शिमगा तोंडावर आला तरी पहिलं पान कोरंच. लिहायला बसलो की कुठं तरी जावंसं वाटतं. मागं एकदा बसलो तर उदगीरचा बैलबाजार आठवला, उठून गेलोच. आज बसलोय कारण हात काळेकुट्ट आहेत आणि वहिनी म्हणाली, "हात धुवायला पाणी संध्याकाळी मिळंल भावजी, तवर बसा तसंच." अशा हातानं कुठं जाणार.

तर, फटफटीचं हेड, म्हणजे इंजिनचं वरचं डोकं, उतरवलं.

दादाला लातूरला नव्या कलेक्टर ऑफिसात शिपाई म्हणून घेतलं. जिल्हा होऊन वर्ष नाही झालं, तिथं म्हणे माणसं आधी आली, खुर्च्या मागून येऊन राहिल्या. जाताना वडलांची, अण्णांची, फटफटी माझ्यावर सोडून गेला. कामं दोन. खालच्या विहिरीवरून चढावर वस्तीत पाण्याचे कॅन आणायचे. आणि चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीपुढं ती दरसालसारखी चालली पाहिजे. अण्णा होते तोवर ते बसायचे, नंतर दादा. "बाकी तिला हात लावू नको," म्हणाला.

हात कुठं लावला. पाना लावला.

९ मार्च

हेडच्या पोटात काजळीचा हा जाड थर. वरचा तेलकट, तो दादाचा. खालचा दगडासारखा, तो अण्णांचा. खरवडता खरवडता दुपार गेली.

अण्णा बांधकाम खात्यात मुकादम. ७२ च्या दुष्काळात भोकरकडं रस्त्याची कामं निघाली, गावंच्या गावं खडी फोडायला. अण्णा ह्याच फटफटीवर एका कामावरून दुसऱ्या कामावर. मी पुढं टाकीवर, खाली पोतं, कारण टाकी तापायची. मजुरांना खायला वाटायच्या त्या सुकडीचा भाजका वास अजून नाकात आहे. अण्णा लांबूनच गाडी एकदम हळू करायचे. मी म्हणायचो, पळवा की! तर म्हणायचे, "आरं, बाया जरा सावलीला बसल्या असतील. आवाज आयकून उठायला त्येंना टाइम नको का?"

डुग्... डुग्... दोन ठोक्यांच्या मधे वाटायचं आता बंद पडली. पडायची नाही.

थोडी काजळी काडेपेटीत भरून ठेवली. कशाला, माहीत नाही.

११ मार्च

आज खरं काम सुरू. हेडात दोन गळे. एकातून हवा-पेट्रोल आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. ओतीव काम, आतून खडबडीत. ते घासून गुळगुळीत करायचं, तोंडं रुंद करायची. गाडीला दम येतो. चाकूर ते हैदराबाद एका दमात मारायचं मनात आहे, किती दिवसांपासून.

हे नांदेडला खलीलभाईंच्या ग्यारेजात बघितलं. गोदावरीच्या बाजूनं वारा यायचा, भाई डोळे मिटून कानस चालवायचे. मी मधे मधे विचारायचो. "मिलिंद मियाँ, कानस कू बोलने दे. तू नक्को बोल." काय दिवस होते. चहा, बनपाव, आणि दुपारी सगळे मिळून एकाच परातीत. मी काही तिथं टिकलो नाही. कंधारच्या उरुसाला म्हणून गेलो, तिथून ट्रकवर हैदराबाद, परत गेलोच नाही. त्यामुळं ख.भा. हेड घासताना बघितले, बसवताना नाही.

पॉलिशपेपर गुंडाळायला दांडा पाहिजे होता. चुलीची फुंकणी बरोबर मापाची. आरीनं टोकाला चीर पाडली, त्यात पेपर अडकवला, की फिरवा गळ्यात. झकास.

व. ला कळलं. "माझी फुंकणी!"

हापशाच्या जुन्या पाईपचा तुकडा कापून दिला. म्हटलं, वहिनी, हा जाड आहे, फुंकर पण मोठी येईल. 

१७ मार्च

गळा आतून कसा झालाय ते बोटाला कळतं, डोळ्याला दिसत नाही. म्हटलं पीठ भरून साचा काढू. ज्वारीचं मळलेलं पीठ पडलं होतं, तेल लावून दाबलं. ज्वारीला कुठलं चिकाट, बाहेर येताना चार तुकडे. कणीक मागितली.

"घरात खाणारी तोंडं कमी पडली का, आता लोखंडाला चारून राहिले!"

लोखंड नाही वहिनी, अल्युमिनियम.

"मग तर लईच गुणाचं."

दिली मात्र मूठभर. साचा अख्खा आला, ओल्या शेंगेसारखा. नंतर तो धुऊन तिनं शेळीला घातला. शेळीनं हुंगून सोडला.

पाणी सायकलवर आणतोय. चढावर ढकलताना जीव जातो. वस्ती टोमणे मारते. किसनकाका रोज येऊन बघतात. अण्णांचे दोस्त, मिरवणुकीत पुढच्या चाकाशेजारी निळा झेंडा धरून चालणारे. आज म्हणाले, "धा दिस झाले, काय अंडं उबवून राहिला का रं?"

२० मार्च

गळ्यांची उघडझाप करणारे व्हॉल्व्ह बसवायचे. कडेला पेस्ट लावून दोन्ही तळहातांत दांडा गरगर फिरवायचा, इकडून तिकडं, तिकडून इकडं. माझ्याच्यानं लय धरवेना. मन भटकतं, मग हात भटकतो. व. बघत होती. "सरका." आणि वरण घोटावं तसं बसली ना! बांगड्या मागं सारल्या, मान खाली, एका तालात. मधेच उचलून पुसून बघते, परत.

घट्ट बसलेत का बघायला गळ्यात रॉकेल ओतून ठेवलं. खाली थेंब नाही.

"झालं का बरोबर?" म्हटलं, वहिनी, खलीलभाईनं तुम्हाला ठेवून घेतलं असतं. "आन तुमच्या दादाचं वरण कोण घोटंल?" हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल.

२३ मार्च

उडाली!! लातूर रस्त्यावर सोडली तर कानात वारा मावेना. एसटी मागं, जीप मागं. लातूरपर्यंत गेलोच, काही काम नव्हतं. गंजगोलाईला एक चक्कर. डाळीच्या गिरण्यांचा वास, शिकवणीची पोरं सायकलींवर. वाटलं दादाच्या ऑफिसात जाऊन दाखवावी. गेलो नाही. त्यानं हात लावू नको म्हटलेलं आठवलं.

येताना वाटलं, अण्णांनी ही अशी पळताना कधी बघितली नसेल.

२४ मार्च

चढावर बंद पडली. दोन कॅन लावले होते, नेहमीसारखे. हळू केली की गुदमरते, आचके देते, बंद. परत किक, परत बंद. पळवत न्यावं तर कॅन हिंदकळतात, अर्धं पाणी रस्त्याला. शेवटी ढकलत नेली. बाया घागरी घेऊन बघत उभ्या.

कॅन काढून, मोकळी, चालणाऱ्या माणसाच्या चालीनं नेऊन बघितली. तरी बंद.

किसनकाका झाडाखालून उठून आले. "मिल्या, अवंदा मिरवणूक पळवत न्यायची हाय का?"

किक मारत राहिलो. 

२९ मार्च

काही नाही. कार्बोरेटर तीनदा खोलला. प्लग बदलला. टायमिंग मागं-पुढं. पळते घोड्यासारखी, चालत नाही.

कुठं तरी निघून जावं असं सारखं वाटतं. परवा चाकूरच्या स्टँडवर नांदेड गाडीत बसलो पण होतो. कंडक्टर तिकीट फाडायच्या आत उतरलो. पळून गेलो तर मिरवणूक पायीच निघेल. लहानपणापासून एकदाही तशी निघाली नाही. अण्णा गेले त्या साली पण दादानं रडत रडत नेली होती.

त्या सालापासून आई मात्र जयंतीला इथं थांबत नाही. भोकरला ताईकडं असते, यंदा पण आधीच गेलीय. तिच्यानं ती गाडी दुसऱ्याखाली बघवत नाही, ऐकवत तर नाहीच.

२ एप्रिल

सकाळी चूल पेटेना. व. त्या हापशाच्या पाईपनं फुंकून फुंकून लाल झाली. मग माझ्या अंगावर फेकला.

"घ्या तुमचा पाईप! लई मोठा हाय ना? ह्येच्यातनं फुंकर न्हाई लागत, वारा नुसता. हळू फुंकलं तर इस्तू हलत पन न्हाई. छाती फुटंस्तोवर फुंकावं तवा कुठं..."

मी पाईप हातात घेऊन तसाच बसलो. दोनदा फुंकून बघितलं. मग जुन्या फुंकणीची चीर बोटानं दाबून फुंकलं. हळूच फुंकलं, तरी राख उडाली.

असं आहे तर. गळा रुंद केला. इंजिन जोरात ओढतं तेव्हा ठीक. हळू ओढतं तेव्हा हवेला जोरच नाही. मी फुंकणीचा पाईप करून ठेवला. दोन्हीकडं.

"आसं काय बघून राहिले?"

म्हटलं, वहिनी, तुम्हाला नवी फुंकणी आणतो. दोन आणतो.

६ एप्रिल

काढलेलं परत कसं भरणार. चाकूरच्या लेथवाल्याकडं दिवसभर बसलो. हवा आत नेणाऱ्या गळ्यात बसेल अशी अल्युमिनियमची नळीसारखी बाही कातून घेतली, आतून बारीक. तापवलेल्या हेडात ठोकून बसवली. व. नं व्हॉल्व्ह परत घोटले, न सांगता.

संध्याकाळी एक कॅन घेऊन चढ चढलो. चालीनं! दोन कॅन लावले. वरच्या वळणावर एकदा आचका दिला, सावरली. वस्तीतल्या बायांनी घागरी पुढं केल्या, टोमणा एकीनंही मारला नाही. हेच बरं.

हैदराबाद आता एका दमात होणार नाही. जाऊ द्या.

१० एप्रिल

किसनकाकांना घेऊन रंगीत तालीम. ते हातात झेंड्याची नुसती काठी घेऊन चाकाशेजारी, मी गाडीवर, वेशीपासून वस्तीपर्यंत. बंद पडली नाही. वर आल्यावर म्हटलं, काका, झालं ना?

काका खाली बसले. तंबाखू मळायला घेतली.

"चालतीया. पर ही अण्णाची बोली न्हाई."

खरं आहे. मला उडवली त्या दिवशी लातूर रस्त्यावरच कळलं होतं, मनावर घेतलं नाही. धुराचा गळा पण मी रुंद केलाय ना. डुग् डुग् गेलं. आता कोरडं, फुटकं, पत्र्यावर काठी मारल्यासारखं येतं. त्या गळ्यात बाही टिकत नाही, लेथवाला म्हणाला तिथं आग असते, ठोकलेली निघून येईल. सायलेन्सरमधे काथ्या भरून बघितला. जळाला, वास सगळ्या वस्तीत.

काका जाताना म्हणाले, "मिरवणूक आवाजावर थोडीच चालती बाबा." पण मला माहीत आहे, चालते. लेझीमची पोरं पाय त्या ठोक्यावर टाकायची.

१३ एप्रिल

दुपारच्या गाडीनं दादा आला. वहिनीला सांगितलं होतं की मीच सांगतो. सांगायची वेळच आली नाही. त्यानं किक मारली आणि तिथंच थांबला. पाय किकवर तसाच.

बंद केली. हेडवर तळहात ठेवून उभा, ताप बघतात तसा.

"काय केलंस?"

सगळं सांगितलं. फुंकणी पण. मधे व. म्हणाली, "व्हॉल्व्ह मी घोटले," म्हणजे थोडं तिच्यावर जावं म्हणून. दादा गाडी वेशीपर्यंत एकटाच घेऊन गेला, हळू, परत आला. शिव्या देईल वाटलं. किल्ली माझ्या खिशात टाकली.

"उद्या तूच बस."

म्हटलं, दादा, तू बस ना. लोकांना तू...

"न्हाई. आता ही तुझी बोली बोलती. तूच सांभाळ तिला पुढं."

जेवताना त्यानं वरण दोनदा मागून घेतलं.  रागात आहे की नाही, तेच कळत नाही.

१४ एप्रिल

सकाळचंच लिहून ठेवतो, संध्याकाळी मिरवणूक. गाडी पुसली. हँडलला निळी झालर व. नं बांधली. पोरं आतापासून लेझीम वाजवून राहिली. किसनकाकांनी धोतर परीट घडीचं काढलंय. माझे हात आज स्वच्छ, तरी कुठं जावंसं वाटत नाही.

एक कापड सायलेन्सरच्या तोंडाला गुंडाळून बघावं का? नको. चार लोकांत जळायचं.

इथवर लिहिलं आणि बाहेर व. चा आवाज, "आगं बाई! आत्याबाई, तुमी? एकल्याच?"

आई आलीय. भोकरहून, पहाटेच्या गाडीनं. कोणाला कळवलं नाही, फाट्यापासून चालत. दादा पिशवी घ्यायला धावला. तिनं दिली नाही. घरात पण आली नाही. झालर बांधलेल्या फटफटीसमोर ओट्यावर बसलीय, पाणी दिलेला तांब्या शेजारी तसाच. मी दाराच्या आडून बघून आलो. तिला दादानं काही सांगितलंय असं दिसत नाही. दादा माझ्याकडंच बघतोय. आणि आईची हाक,

"मिल्या कुठाय? ये बाहेर. लाव बरं एकदा. आयकू दे मला."