झमकूबाईचा चौथा कोपरा

२७ ऑक्टो. १९७४, रवि., मानोरा
सकाळी तांड्यावर. झमकूबाईने पेटीतून आईच्या हातचा रुमाल काढला. हातभर चौकोनी, टाक्याला टाका लागून भरलेला, मधे वेल, कोपऱ्यांत एकेक आकडा, गळासारखा वळलेला. चौथा कोपरा उंदरांनी खाल्लाय. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भरणं बंद. नात कमळी आठ दिवसांत ऊसतोडीला जाणार, परतली की लग्न. ओढणीवर हाच नमुना हवा, पण चौपट मोठा. तांड्यात दुसऱ्या कोणाला तो येत नाही.
"मास्तर, तुमी शाळेत डराइंग शिकवता. कागदावर उतरून द्या. नाई त मायचा हात माह्यासंगंच जाईन."
म्हटलं, दोन दिवस. हातचा मळ आहे आपल्या.

२९ ऑक्टो., मंगळ.
ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा उतरवल्या, पट्टीने मापून चौपट केल्या. वेलीची टोकं जुळेनात. बोटभर फट. पुन्हा मापलं, तीच फट. पट्टी बदलली (!).
शांता चहा घेऊन आली. बायको हसते तेव्हा चूक माझी, हे आता पाठ झालंय. "कापड धुतलं का एका अंगानं जास्त आटते, एवढंही माहीत नाई? काहून मापून राह्यले? टाके मोजा ना."
मास्तर मी, अक्कल तिची. कबूल.

३० ऑक्टो.
शाळा सुटल्यावर ग्राफपेपर. एक टाका, एक घर. भिंग लावून मोजलं, मान मोडली. पण वेल जुळली! आता खिशाएवढी करा नाहीतर चादरीएवढी, घरं तीच. फूल सरकवायचं तर तेवढीच घरं खोडा, पुढे भरा.
चौथा कोपरा: शेजारचा आरशात दिसावा तसा उलटा करून भरला. दहा मिनिटं. स्वतःवर खूश.

३ नोव्हें., रवि.
तांड्यावर. रुमाल परत केला, कमळीला कागद दिला. पोरगी हुशार, लगेच घरं मोजून दोन ओळी भरल्या. पेन्सिल, खोडरबरही दिलं.
म्हातारी रुसली. "सगळ्याईनं पाह्यलं. मले कसं दिसन?"
भिंतीवर चित्र उतरवताना कागदाला सुईने भोकं पाडून खाका करतो, ते आठवलं. घरी येऊन दुसरी प्रत काढली, मागून सुई टोचत गेलो. वरून प्रत्येक टाका बोटाला खडबडीत लागतो. शाबास मास्तर.

४ नोव्हें., सोम.
शाळेआधी तांड्यावर पोचलो तर टोळीचा ट्रक नुकताच सुटलेला. कमळी मागे बसून हात हलवत होती. खाका झमकूबाईच्या मांडीवर ठेवला. तिची बोटं वेलीवरून चालली. ओठ हलत होते, टाके मोजत होती. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. चौथ्यावर थांबली. परत फिरवली.
"हे माह्या मायचं नाई."
माझं तोंड उतरलं. "चुकलं कुठे?"
"जातं एकाच अंगानं फिरते ना, मास्तर? तीन आकडे तसेच फिरते. हा उलटा पाह्यते."
उरलेले तीन एकमेकांशी ताडून पाहायचं मला सुचलंच नाही. घमेंड, दुसरं काय! ट्रक फाट्यावर डिझेलसाठी थांबतो, धावलो तर गाठता आला असता. उठलो. तिने मनगट धरलं.
"राहू द्या. कागद बरोबर असला त पोरगी कागदच पाहीन. तिचा हात कवा शिकन?"
"आणि नाही कळलं तर?"
म्हातारीने खाका घडी करून पेटीत टाकला, रुमालाच्या खाली.

ट्रकचा हॉर्न ऐकू आला, मग तोही नाही. शाळेत दिवसभर लक्ष लागलं नाही. स्वतःच्या चुकीची इतकी काळजी कधी वाटली नव्हती. पण पोरीने काल दोन ओळी भरल्या, तेव्हा ती कागदाकडे कमी आणि रुमालाकडे जास्त पाहत होती, हे मी स्वतः पाहिलंय. टोळी चैत्रात परत येते. कोपरा पेन्सिलनेच काढलाय, आणि खोडरबर कमळीच्या पिशवीत आहे.