रुखमिणीचा तांदळाचा डबा

सोमवार, दि. १२ फेब्रुवारी २०१८. सकाळी छातीत कळ आली. भंडाऱ्याला जाऊन ईसीजी काढला. डॉक्टर ठीक आहे म्हणाले. घरी येऊन लिहायला बसलो.

मी जीवन सोमाजी गभणे, वय ६७, निवृत्त लिपिक, राहणार कारधा, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने लिहितो. भीती वाटते, पण डोके ठिकाणावर आहे.

१. घर मुलगी मनाली हिला. दीड एकर धानाची शेती मुलगा अंकुश याला.

२. पाणी भरायची पितळेची गुंडी थोरले बंधू परसराम यांना. आम्ही नवराबायकोने बाप्तिस्मा घेतल्यापासून अकरा वर्षे त्यांनी आमच्या घरचे पाणी घेतले नाही. गुंडीत पाणी आपल्या घरचे भरावे.

३. माझे प्रेत जाळू नये. भंडाऱ्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरावे. हे मनालीने करावे. अंकुशने आडवे येऊ नये.

कारण लिहितो. पत्नी रुखमिणी मागच्या पोळ्याला वारली. तिने हेच मागितले होते, मी हो म्हटले होते. परसरामभाऊ अंगणात सर्वांसमोर म्हणाले, "भंडाऱ्याले नेऊन गाडशीन, तं गावात कोणतं तोंड दाखवशीन? बोल, तू कोणाचा?" मी बोललो नाही. तिला वैनगंगेच्या घाटावर नेले. अग्नी मीच दिला.

चर्चचे पाळक म्हणाले, तिला राखेतून उठवणे देवाला जड नाही. ते मी मानतो. भीती वेगळी आहे. ती भेटली आणि तिनेही 'तुम्ही कोणाचे?' असे विचारले तर? मेल्यावर मी गप्पच असणार, म्हणून आता लिहितो. मी ख्रिस्ताचा आहे.

४. तिचे बायबल आणि डबा मनालीला. रोज भात टाकण्याआधी ती एक मूठ तांदूळ त्या डब्यात ठेवी, रविवारी चर्चमध्ये देई. तांदूळ संपत आले तरी मूठ लहान होत नसे. मी रागावलो की म्हणे, "उद्याचं उद्या पाहू जी." ती गेल्यापासून डबा रिकामा आहे.

सही करताना शेजारचा धर्मेंद्र म्हणाला, "काका, परसरामबाबाले कळलं तं?" मी तरी सही कर म्हटले.

जीवन सोमाजी गभणे (सही)
समक्ष सही करणारे: धर्मेंद्र हटवार, सत्यभामाबाई निंबार्ते
मुक्काम कारधा

ता. क. साक्षीदार गेले. एका माणसापुरते तांदूळ काढले. त्यातली एक मूठ डब्यात टाकली आणि उरलेले धुवायला घेतले.