पडदीच्या पलीकडची जागा

मी, फाउस्तिनो गेल्लादा, वय एकाहत्तर, विधुर, राहणार गिंबाल, प्रांत इलोइलो, धंदा घरगुती विजेच्या वस्तू दुरुस्त करणे, आज माझ्या पश्चात काय कोणाचे ते सांगून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. लेकीने अमेरिकेतून फोनवर आणायचा प्रयत्न केला, पण ऐन रंगात रेंज गेली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

घरी बसून मी सांगतो आहे आणि वकीलबाई होफिलेन्या टाइप करीत आहेत. मधूनमधून त्या 'मानोंग, हे कायद्यात बसत नाही' असे म्हणतात. थोरल्या भावाला हाक मारावी इतक्या मायेने म्हणतात, म्हणून मी ऐकून घेतो आणि तेच पुन्हा सांगतो.

कलम १. मी गेल्यावर लोक रात्री जागवायला येतील, पत्ते खेळतील, कॉफी आणि बिस्किटे संपवतील. संपवू द्यावीत. उकाडा असेल तर माझ्या हातचे दुरुस्त झालेलेच पंखे लावावेत. एखादा बंद पडला तर शेजारच्या क्रिस्पुलो ताल्लेदोला बोलवावे. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण पंख्याच्या मोटरीत या गावात त्याच्याइतका जाणता दुसरा नाही. मात्र मी पेटीत पडलेलो असताना त्याने माझ्या कामाला नावे ठेवू नयेत.

कलम २. राहते घर आणि बँकेतले जे असेल ते मुलगा रोमेल आणि मुलगी मारिविक यांचे, निम्मे-निम्मे. रोमेल मनिलाला विमा विकतो. मारिविक कॅलिफोर्नियात परिचारिका आहे आणि तिथून आमचे घर, माझी औषधे, माझे जेवण हे सगळे चालवते. उंटावरून शेळ्या हाकते म्हणावे, तर शेळ्या खरोखरच तिच्या सांगण्यात असतात. मी तिची गोळी रोज घेतो. दोघेही गुणी आहेत. त्यांच्या आईवर गेले आहेत.

कलम ३. मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न, स्क्रूड्रायव्हरचा संच आणि कपॅसिटरचे डबे गावातल्या तंत्रशाळेला द्यावेत. रोमेलला देऊ नयेत. त्याने एकदा दिवा बदलला तेव्हा पाच घरे अंधारात बसली होती. क्रिस्पुलोलाही यातले एकसुद्धा देऊ नये. घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवायची त्याला कधीच सवय नव्हती.

तंत्रशाळेतल्या मुलांना माझा एवढाच निरोप द्यावा: बंद वस्तू समोर आली की लगेच स्क्रूड्रायव्हर उचलू नका. आधी घरातला बोर्ड चालू आहे का विचारा, मग प्लग बघा, मग वायर बोटांतून फिरवा. ती वाकते तिथेच आतून तुटते. मग फ्यूज. एवढे झाल्यावर ज्याने वस्तू आणली त्याच्याकडे बघा. आमच्याकडे भात शिजवायचा कुकर बिघडून येतो तेव्हा निम्म्या वेळा त्याच्या पोटात झुरळाचे घर असते आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगते की कालपर्यंत उत्तम चालत होता.

कलम ४. दुकानाच्या फळीवर न नेलेल्या वस्तू आहेत. भिंतीवर मी पाटी लावली आहे की तीन महिन्यांत न नेलेली वस्तू विकली जाईल. आजवर एकही विकली नाही. लोक विसरत नाहीत, त्यांना लाज वाटते. कोणी आले तर पावती मागू नये. आपल्या इस्त्रीचा रंग ज्याला आठवतो त्याची ती इस्त्री. बाकीच्या मारिविकने चर्चला द्याव्यात आणि हे वाक्य वाचून डोळे पुसू नयेत, तिला रडण्याचे निमित्तच लागते.

कलम ५. मोठा ट्रान्सफॉर्मर. याच्याबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण कलम ६ त्याशिवाय समजणार नाही.

आमच्या गावातल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस अमेरिकेत आहे, आणि तो दरवर्षी जहाजाने मोठे खोके पाठवतो. खोक्यात साबण, चॉकलेट, बूट आणि एखादे यंत्र असते. ते यंत्र तिकडच्या एकशे दहा व्होल्टचे. इथे भिंतीत दोनशे वीस. आनंदाच्या भरात लोक ते सरळ भिंतीत खुपसतात, एक फट्ट आवाज येतो, वास येतो आणि मग ते यंत्र दुकानात येते. माझ्या दोन्ही मुलांची शिक्षणे या फट्ट आवाजावर झाली.

तेव्हा दुकान माझे आणि क्रिस्पुलोचे मिळून होते. जागा माझ्या बायकोला, सालुदला, तिच्या वडिलांकडून मिळालेली, तिच्यामागे माझ्या नावावर आलेली. भागीदारी शब्दावर, कागद नाही. टीव्ही आणि सर्किट मी बघायचो, मोटरी तो. मारिविकच्या बाप्तिस्म्याला तिचा धर्मबाप झाला तोही तोच. आमची पद्धत अशी की तिकडचे यंत्र आले की त्याच्या प्लगला लाल फीत बांधायची. लाल फीत असेल तर दोनशे वीसचे एकशे दहा करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर लावायचे, नसेल तर भिंतीत.

गावजत्रेच्या आदल्या दिवशी गाण्यांचा एक मोठा अ‍ॅम्प्लिफायर आला. अमेरिकेहून आलेला, अख्ख्या चौकात वाजणार होता. फीत बांधली, हे मला आठवते. बांधली, हे क्रिस्पुलोलाही आठवते. पण दुपारी तो भिंतीत लावला गेला तेव्हा फीत नव्हती. धूर बाहेर रस्त्यापर्यंत गेला. जत्रा गाण्यावाचून झाली. मी म्हणालो त्याने सोडली, तो म्हणाला मी सोडली. मग चोराच्या उलट्या बोंबा, मग बाप-आजा निघाले, आणि पुढच्या आठवड्यात दुकानाच्या मधोमध प्लायवूडची पडदी उभी राहिली. फीत कोणी सोडली ते मला आजही माहीत नाही. वर गेल्यावर विचारीन.

पडदीला वीसेक वर्षे झाली. तो माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी बोलत नाही. पण पातळ प्लायवूडमधून सगळे ऐकू येते. त्याच्याकडे पंखा घरघरला की मला कळते, बुश गेले. माझ्याकडे टीव्ही चालू-बंद व्हायला लागला की तो खाकरतो. मग आम्ही गिऱ्हाइकाच्या तोंडून बोलतो. मी म्हणतो, 'त्या बाजूच्या माणसाला सांगा, कपॅसिटर नाही, आतला फ्यूज बघ म्हणावं.' गिऱ्हाईक बाहेरून वळसा घालून त्याच्या दारात जाते, सांगते आणि उत्तर घेऊन येते: 'ते म्हणतात, त्या रेड्याला सांगा, मला माहीत आहे.' आणि तो फ्यूज बघतो. ट्रान्सफॉर्मर माझ्याकडेच राहिला. तो क्रिस्पुलोला द्यावा, कारण त्याला लागतो आणि मागायला तो कधीच येणार नाही.

कलम ६. दुकानाची जागा. गेल्या महिन्यात औषधांच्या दुकानवाल्या एका कंपनीचा माणूस आला होता. त्याला जागा हवी आहे, पण पूर्ण; अर्धी घेणार नाही. दोन्ही मुलांनी विकायचे ठरवूनच टाकले आहे. मी मारिविकला विचारले, क्रिस्पुलो कुठे जाईल?

ती म्हणाली, "पप्पा, त्यांच्याकडे कागद नाही. आणि ते तुमच्याशी बोलतसुद्धा नाहीत."

मी म्हणालो, "मीपण बोलत नाही. म्हणून काय त्याला रस्त्यावर काढू?"

इथेच रेंज गेली.

क्रिस्पुलोला मूलबाळ नाही. पडदीमागे त्याचे दुकान आहे आणि दुकानामागे त्याची खाट. कायद्याप्रमाणे माझ्या मिळकतीतला निम्मा भाग मुलांचाच, तो मी कोणाला देऊ शकत नाही. उरलेला माझ्या मर्जीचा. त्यातून पडदीच्या पलीकडची जागा मी क्रिस्पुलो ताल्लेदोला कायमची देतो. मुलांनी रागावावे, पण अडवू नये. दाताच्या डॉक्टरकडेही त्यांना मीच धरून नेले होते, तेव्हाही ती रागावली होती.

एकच अट. मी जिवंत असेपर्यंत हे त्याला कळता कामा नये. कळले तर तो नको म्हणेल. मी त्याला ओळखतो.

इथपर्यंत वकीलबाईंनी टाइप केले. पुढचे मी माझ्या हाताने लिहितो आहे, कारण अट मोडली.

सह्यांसाठी आम्ही दुकानात आलो. साक्षीदार तीन लागतात. कोंबडी भाजून विकणारी पुरिता आणि न्हावी नेस्तोर वेळेवर आले. तिसरा, चर्चमधला घंटा वाजवणारा, कोंबड्यांच्या झुंजीला निघून गेला. वकीलबाईंना इलोइलोची शेवटची गाडी पकडायची होती. मी काही म्हणायच्या आत पुरिता पडदीवर थाप मारून म्हणाली, "मानोंग क्रिस्पुलो, जरा इकडे येता का? एक सही पाहिजे."

आणि तो आला. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारातून आत आला, माझ्याकडे न बघता पेन उचलले आणि कुठे करायची म्हणून विचारले. वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही नका करू. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं. तुम्ही सही केलीत तर सहावं कलम रद्द होईल."

नेस्तोर छताकडे बघत राहिला. क्रिस्पुलोने पेन खाली ठेवले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितले.

"काय आहे सहाव्यात?"

"तुझी जागा," मी म्हणालो. "तुझी तुलाच."

तो नको म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे, गाढवा. आधी मीच जाणार."

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मला वाईट वाटले आणि ते मी लपवले नाही. म्हणालो, "मग तू जाऊ नकोस. सकाळी तिकडून तुझं खोकणं ऐकू आलं नाही, तर मला दुकान उघडावंसं वाटत नाही."

तो वळून बाहेर गेला. मला वाटले, संपले. पण त्याने त्याच्या बाजूला खोळंबलेल्या एका रिक्षावाल्याला पंख्यासकट धरून आणले आणि सांगितले की सही केल्याशिवाय पंखा मिळणार नाही. तो तिसरा साक्षीदार. त्याला आमच्यातले काही माहीत नाही आणि जाणून घ्यायचेही नाही, म्हणजे कायद्याला हवा तसाच.

वकीलबाईंना मी सांगितले की सहाव्या कलमासाठी माझ्या मरणाची वाट बघायला नको, पुढच्या आठवड्यात जागेचे बक्षीसपत्र करा. मारिविकला मी कळवतो, रेंज असताना. त्या हो म्हणाल्या आणि त्यांनी विचारले, "आणि पडदीचं? तेही घालू का कलम?"

क्रिस्पुलो म्हणाला, "त्याचं कलम कशाला? दोन तक्ते आहेत. माझा मी माझ्या बाजूने स्क्रूने बसवलाय, त्याचा त्याने. एक गेल्यावर दुसऱ्याने आपला काढला, तरी मेलेल्याचा उभाच राहणार." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एक स्क्रूड्रायव्हर दे. माझा कुठे ठेवलाय ते सापडत नाही."

मी दिला. तो त्याच्या बाजूला गेला आहे आणि पहिला स्क्रू गंजला म्हणून शिव्या देतो आहे. मी सही करून माझ्या बाजूचे स्क्रू काढायला लागतो.

फाउस्तिनो गेल्लादा (सही)

वरील सही आमच्यासमक्ष झाली आणि आम्ही एकमेकांसमक्ष सह्या केल्या:
पुरिता गेनोबिया, कोंबडी विक्री
नेस्तोर गारिन, न्हावी
आर्नुल्फो गेवोसा, रिक्षाचालक (पंखा मिळाला)

स्थळ: गिंबाल, चौकातले दुकान
दिनांक: ९ मे २०१९