पोरग्याचे पेढे

अहो,

भाकरी टोपलीत हाय, आमटी तेवढी गरम करून घ्या.

सकाळी तुमच्या वर्कशॉपातले गणपतराव आलते, बाळाला करदोडा घेऊन. म्हणाले, "पोरग्याचे पेढे खाल्ले, म्हटलं तोंड बघून यावं." आपली अक्षता म्हणाली, "काका, भाऊ न्हाय, आमाला आणि एक बहीण झालीय." बिचारे चहा न घेताच उठले.

दवाखान्यात माझा हात धरून तुम्हीच म्हणालता, "लेक तर लेक, जिलेबी वाटतो की!" ती आज मीच आणली. तिन्ही पोरींना घेऊन वर्कशॉपवर चाललोय. तुम्ही पन्हाळ्यावरनं यायच्या आत वाटून होईल.

तुमच्या वाटणीची डब्यात ठेवलीय. आत्ता खाऊ नका. पोरी आल्यावर त्यांच्या म्होरं बसून खावा.

— सुलभा