आत्ताच पाण्यातून काढलंय

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आईला इथे सिंगापूरला आणल्यावर पहिल्याच दिवशी मी तुमचा नियम मोडला.

नौदलाच्या हेलिकॉप्टरमधून तारेला लटकून समुद्रात उतरायचं, हे तुमचं काम. अंतराळवीर परत येताना समुद्रात उतरतील त्या दिवसासाठी सराव चालायचा. तुमचाच एखादा सोबती अंतराळवीर होऊन लाटांवर तरंगत असायचा. त्याला वर घेतलं की उभं करायचं नाही, काही विचारायचं नाही, नुसता हात धरून बसायचं. पुढून वैमानिक साहेब ओरडायचे, "बोलतोय का?" तुम्ही म्हणायचात, "साहेब, आधी श्वास तर घेऊ द्या त्याला." घरीही तुमचा तोच नियम. बारावीचा शेवटचा पेपर देऊन मी घरी येते. स्वयंपाकघरातून आई विचारते, "गणित कसं गेलं गं?" तुम्ही तिला हातानेच थांबवता. "थांब, आत्ताच पाण्यातून काढलंय तिला." माझ्यापुढे चहा ठेवता आणि शेजारी बसून राहता. घरात पहिली पदवी मी मिळवली ती त्या चहाच्या जोरावर, असं मला अजून वाटतं.

आणि मी काय केलं? आईने एकटं राहू नये, नव्याने जगावं, एवढंच मनात होतं. विमानतळावरच तिच्या हातात एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, कार्ड दिलं. दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा वर्ग, मग इथल्या मराठी बायकांशी ओळखी. ऑफिसातून बुकित बातोकच्या फ्लॅटवर आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "आज कुठे गेलीस? आवडलं?" ती म्हणायची, "छान आहे गं सगळं." काल मात्र भाकरी थापता थापता थांबली. "तुझ्या बाबांनी मला एवढ्यात उभं केलं नसतं. माझं परतीचं तिकीट काढ बाई."

"सगळं तुझ्यासाठीच करतेय ना, आई!"

"हो ना. म्हणून तर बोलता येत नाही."

आज मी चहा केला, तिच्याशेजारी बसले आणि काहीच विचारलं नाही. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "शेजारची चिनी आंटी रोज विचारते, जेवलीस का. रोज मी हो म्हणते, उपास असला तरी." आणि हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा. मग कप खाली ठेवत म्हणाली, "तिकिटाचं काय झालं?"

"मिळत नाहीये," मी म्हटलं.

हे पत्र कुठेच जाणार नाही म्हणून तुम्हाला सांगते, बाबा. तिकिटं मी अजून बघितलेलीच नाहीत.